सोबत न लागणारी तपासणी

रोहिणीबाई गायधनींनी तपासण्यांचा तुलनात्मक तक्ता करायला घेतला तेव्हा त्यांना वाटलं होतं, चार दिवसांत उरकेल. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेली बाई. तक्ता म्हणजे त्यांच्या हातचा मळ. फूलस्केप कागद आडवा धरला, लाल शाईनं रेघा मारल्या आणि रकाने पाडले. तपासणीचं नाव. काय कळतं. किती खात्रीचं. त्रास किती. आणि अगदी कडेला, जागा उरली होती म्हणून केल्यासारखा, पेन्सिलीनं एक बारीक रकाना: सोबत लागते का?

आता तपासणी कसली, ते सांगायला हवं. रोहिणीबाईंनी अडीच वर्षं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, पण आपण सांगून टाकू, नाहीतर गोष्ट पुढे सरकायची नाही. रोहिणीबाईंना लघवी आवरत नसे. शिंक आली की थोडी, ठसका लागला की जरा जास्त, आणि बाहेरून येऊन घराच्या कुलपात किल्ली घातली की विचारू नका. किल्लीचा एक वळसा बाकी असायचा आणि इकडे निकाल लागलेला असायचा. दार उघडून आत जाणाऱ्या रोहिणीबाई आणि दारापर्यंत आलेल्या रोहिणीबाई यांच्यात रोज पाच सेकंदांत एवढा फरक पडायचा.

मग काय, एकेक गोष्ट सुटत गेली. भिशी सुटली, कारण तिथे बायका हसवतात. नाटक सुटलं, कारण दोन अंक. सहली सुटल्या. अशोकस्तंभापासून नाशिकरोडपर्यंत कुठे स्वच्छतागृह आहे, कुठलं बंद असतं आणि कुठल्याला आतून कडी नाही, हे त्यांना तोंडपाठ झालं होतं, आणि शेवटी तर त्यांनी तिकडेही जाणं सोडलं. लग्न केलेलं नव्हतं, आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकटं राहायची त्यांना भीती नव्हती. पण दिवसभरात कुणाशी बोललो नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं, आणि ते वाईट होतं.

तेव्हा कुठे त्या हॉस्पिटलात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई, अदिबा काझी, वयानं लहान पण चटपटीत होत्या.

"मावशी, शिंक-खोकल्यानं होतं की घाई लागून वाटेत होतं?"

"दोन्ही."

"मग जास्त कशानं, ते बघावं लागेल. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही." त्यांनी कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. पहिली, तीन दिवस डायरी: किती प्यायलं, किती गेलं, सगळं मोजून. दुसरी, पॅड टेस्ट: तासभर ठरलेल्या हालचाली करायच्या आणि पॅडचं वजन आधी-नंतर करायचं. तिसरी मोठी: बारीक नळी घालून मूत्राशय भरायचं आणि आतला दाब मशीनवर बघायचा. "खरं तर मोठीच करून टाका. मंगळवारी असते. फक्त सोबत कुणालातरी आणा."

"सोबत कशाला?"

"हॉस्पिटलचा नियम आहे. फॉर्मवर नाव आणि सही लागते."

नळीला रोहिणीबाई घाबरल्या नाहीत. सोबतीला घाबरल्या. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की पहिल्या दोन तपासण्या इतक्या काटेकोर करायच्या, की तिसरीची गरजच पडता कामा नये. वरकरणी हा सगळा शास्त्राचा मामला होता, पण खरं बघायचं तर बाई सोबत न लागणारी तपासणी शोधत होत्या.

परत येताना जिन्यात समोरच्या फ्लॅटमधली निलोफर भेटली. शाळेत गणित शिकवणारी, लाघवी, आणि हातातली फाइल लांबून वाचणारी. "ताई, हॉस्पिटल? काय झालं?"

"गुडघा," रोहिणीबाई म्हणाल्या. आयुष्यात खोटी नोंद न केलेल्या बाईनं ही पहिली केली, आणि ती महागात पडली. अर्ध्या तासात सोसायटीचे चेअरमन सावळीरामकाका दारात हजर. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. "चौतीस वर्षं विमानाच्या चाकांचे सांधे बघितलेत मी. गुडघा काय वेगळा असतो? वंगण कमी पडलंय, दुसरं काही नाही." त्यांनी एरंडेलाची बाटली दिली आणि बाईंना हॉलमध्ये चार फेऱ्या मारून दाखवायला लावल्या. बाई लंगडल्या. तिसऱ्या फेरीला पाय बदलला. "आता डाव्यातही गेलंय," काका गंभीरपणे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली आली.

असो. डायरी. डायरीसाठी मापाचा जग हवा. रोहिणीबाईंनी रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून प्लास्टिकचा अर्ध्या लिटरचा जग आणला. दुसरी कुठली बाई असती तर वापरायला लागली असती. पण रोहिणीबाईंनी घरातलं जुनं, शिक्क्याचं पितळी माप काढलं, ताडून पाहिलं, आणि त्यांचा रक्तदाब वाढला. जगात तीस मिलीची खोट होती! निवृत्त झालो म्हणून डोळ्यांदेखत हे चालू द्यायचं?

जग आणि माप घेऊन त्या दुकानात परत गेल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, काय मोजता तुम्ही यात?"

"दूध."

"मग तीस मिलीनं काय फरक पडतो?"

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. रोहिणीबाईंनी त्याला मापांच्या कायद्याची उजळणी करून दिली, पाण्याची बादली मागवली आणि दुकानाच्या पायरीवर बसून एकेक जग तपासायला घेतला. पितळी मापातून जगात, जगातून बादलीत. बघे जमले. एकानं तर आपल्या घरचं तेलाचं मापही तपासायला आणून दिलं. पाचवा जग खोटा, सहावा खोटा. सातव्याला रोहिणीबाईंच्या ध्यानात आलं की आपण गेली पंधरा मिनिटं पाण्याची धार ऐकत बसलो आहोत. आणि धार तर त्यांना मुळीच सोसायची नाही. नववा जग बरोबर निघाला, तेव्हा फार उशीर झाला होता. तो जग पदराखाली, पुढ्यात धरून, बाई मान ताठ ठेवून निघाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काय कडक बाई आहे!" रिक्षात बसताना त्यांनी खाली पिशवी पसरली आणि घरापर्यंत बाहेरच बघत राहिल्या.

डायरी मात्र झकास झाली. तीन दिवस, मिलीपर्यंत. छापील कागदावर शेवटचा रकाना होता, 'त्या वेळी काय करत होता?' बाईंनी इमानानं भरला. भांडी घासत होते. बातम्या लावल्या होत्या. किल्ली लावत होते. शिंकले. तेवीस नोंदी झाल्या. पुन्हा वाचताना त्यांना दिसलं की तेविसांपैकी एकीतही 'बोलत होते' असं आलेलं नाही. खाडाखोड करायची सवय नव्हती, म्हणून कागद तसाच फाइलला लावला. पण त्या दिवशी चहा गार होऊन गेला.

पॅड टेस्टला काटा हवा, आणि स्वयंपाकघरातला काटा पाच ग्रॅमखाली आंधळा. नाशकात ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत खरं बोलणारे काटे कुठे, हे रोहिणीबाईंना ठाऊक नसेल तर कुणाला? त्या सराफबाजारात मल्हारीशेठच्या पेढीवर गेल्या. शेठच्या काट्यावर त्यांनी वर्षानुवर्षं शिक्का मारलेला. कोरं पॅड प्लास्टिकच्या पुडीत घालून, चिकटपट्टीवर आडवी सही करून, त्यांनी पुढे केलं. "हे जरा तोलून द्या. तासाभरानं परत येते, पुन्हा तोलायचं."

शेठ नुकतेच येऊन बसलेले, सकाळची पहिलीच वस्तू. सवयीनं त्यांनी पुडी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, डोळे मिटले आणि मग काट्यावर ठेवली. रोहिणीबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

मग अर्धा लिटर पाणी प्यायलं, पॅड जागेवर गेलं आणि बाई रामकुंडाकडे निघाल्या. कागदावर लिहिलं होतं: चाला, पायऱ्या चढा-उतरा, दहा वेळा उठा-बसा, दहा वेळा जोरात खोका, पाच वेळा वाकून जमिनीवरची वस्तू उचला, जागच्या जागी धावा, मिनिटभर नळाखाली हात धुवा. घरात केलं असतं तर खालच्या मजल्यावरचे सावळीरामकाका गुडघा बघायला वर आले असते. घाटावर कोण कुणाकडे बघतं, असा त्यांचा हिशेब होता.

तो चुकला. बाई पायरीवर दहा वेळा उठल्या-बसल्या, पूर्वेकडे तोंड करून दहा वेळा खोकल्या, झेंडूचं एकच फूल पाच वेळा वाकून उचललं, आणि वळून बघतात तो मागे पाच बायका रांगेत. लातूरकडून यात्रेला आलेल्या. सगळ्यात म्हातारीनं पदर सावरत विचारलं, "किती बार खोकायचं, माय?"

खरं तर इथे सांगून टाकायला हवं होतं. पण आकडा विचारला की खरा आकडा द्यायचा, ही बाईंची जन्मखोड. "दहा," त्या म्हणाल्या.

रामकुंडावर पाच बायका दहा-दहा वेळा खोकल्या. मग फूल उचललं. मग जागच्या जागी धावल्या, त्यात एकीचं जोडवं निसटलं, ते शोधायला सगळ्या वाकल्या आणि हसत सुटल्या. "हे कशाचं असतं ओ?" एकीनं विचारलं. "तब्येतीचं," रोहिणीबाई म्हणाल्या, आणि निदान हे तरी खोटं नव्हतं. नळावर सगळ्यांनी मिळून हात धुतले. मग त्यांच्या गाडीचा भोंगा वाजला आणि पाचही जणी पाया पडून निघून गेल्या. घाटावर रोहिणीबाई ओले हात घेऊन उभ्या राहिल्या. अजून दहा मिनिटं थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं त्यांना फार वाटलं.

पेढीवर शेठनी पुडीसाठी हात पुढे केला. "कपाळाला नको!" रोहिणीबाई एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की शेजारच्या पेढीवरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. शेठनी चिमटीत धरून पुडी ठेवली. मग चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"ताई, तासाभरात सव्वा अकरा ग्रॅम वाढ? आहे काय यात?"

"नमुना."

"कसला नमुना?"

"सरकारी," म्हणून रोहिणीबाईंनी पुडी उचलली आणि पळ काढला. दोन महिन्यांतली ही तिसरी खोटी नोंद.

एवढं करून डॉक्टर अदिबांनी तक्ता बघितला, डायरी बघितली, सव्वा अकरा ग्रॅमवर बोट ठेवलं आणि त्यांना हसू आवरेना. मग एकदम थांबल्या. "मावशी, इतकी सुंदर डायरी माझ्याकडे आजवर आली नाही. पण बघा, डायरी सांगते, कधी आणि किती. पॅड सांगतं, किती. का होतं, ते दोघांनाही सांगता येत नाही. तुमचं दोन्हीकडून आहे, औषध की ऑपरेशन ते मला ठरवायचंय. मोठी करावीच लागेल." आणि मग, कागदाकडेच बघत, "कुणी नाही का सोबत यायला?"

"आहेत की, पुष्कळ आहेत," रोहिणीबाई म्हणाल्या.

पुष्कळांपैकी पहिला भाचा योगेश, पुण्याला बायको पूजाबरोबर राहणारा. फोनवर त्यांनी "एक तपासणी आहे" एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मंगळवारी कसं जमेल गं? पण अ‍ॅपवर अटेंडंट मिळतो तासावर. पूजाला सांगतो, ती बुक करून देईल." त्याचा आवाज प्रेमाचाच होता, त्यामुळे रागही धड येईना.

दुसरी निलोफर. बाई तिच्या दारात उभ्या राहिल्या, बेल दाबली, तोंड उघडलं. "निलोफर, मंगळवारी हॉस्पिटलात…"

"गुडघ्याचं ऑपरेशन?" निलोफरनं त्यांचे दोन्ही हात धरले. "ताई, मी येणार. रजा टाकते. अम्मीच्या गुडघ्याच्या वेळी मीच होते, मला सगळं माहितीय." आणि ती इतक्या मायेनं बघत होती की आता गुडघा खोटा होता हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दोन महिने तिनं चोळलेलं तेल, आणून दिलेला पट्टा, जिन्यात धरलेला हात! "नाही गं, पुढे ढकललंय," असं म्हणून रोहिणीबाई लंगडत परत आल्या. दार लावलं आणि बसून रडल्या. कितीतरी दिवसांनी रडल्या, आणि रडतानाही दर हुंदक्याला सावध बसावं लागत होतं, याचा त्यांना संताप आला.

मंगळवारी एकट्याच गेल्या. सांगितल्याप्रमाणे लिटरभर पाणी पिऊन. फॉर्मवर सोबतच्या व्यक्तीचं नाव: रोहिणी गायधनी. नातं: स्वतः.

खिडकीतल्या सिस्टरनं फॉर्म परत सरकवला. "मावशी, असं नाही चालत. सोबत माणूस हवा."

"मी माणूसच आहे," रोहिणीबाई म्हणाल्या.  त्यांना वाटलं, घरी जावं आणि पुन्हा या विषयाचं नाव काढू नये.

"माझ्याबी संगं कोन नाय," बाजूनं आवाज आला. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात कापडी पिशवी. सायखेड्याच्या कुसाबाई. पोरगा त्यांना फाटकाशी सोडून कांद्याच्या लिलावाला गेलेला. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मला मूत दम धरीत नाय, चार वरसं झाली. हिलाबी तेच दिसतंय. हिचं नाव माझ्यात लिव, माझं हिच्यात. झालं का नाय?"

रोहिणीबाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हॉलमध्ये अकरा माणसं होती, त्यांनी मोजली.

सिस्टर बिचारी गोंधळली. "नातं काय लिहू?"

"बहीन."

"आडनावं वेगळी आहेत, आजी."

"मंग? लगीन झाल्यावर दोघी बहिनींचं आडनाव येकच राहतं का?"

सिस्टरनं रोहिणीबाईंकडे पाहिलं. दुरुस्त करायची ती वेळ होती. रोहिणीबाईंनी पेन घेतलं आणि सही केली.

आता अडचण अशी, की मशीन एक, आणि पोटं दोन्ही भरलेली. नंबर रोहिणीबाईंचा आधी. पण कुसाबाईंचा आवाज एकाएकी बारीक झाला. "ताई, नळी लय मोठी आसती का गं? मला भ्या वाटतं. थांबले तर पळून जाईन मी." रोहिणीबाई म्हणाल्या, "तुम्ही जा आधी." कुसाबाईंनी पिशवी, फोन आणि चपला त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि आत गेल्या.

बाहेर रोहिणीबाई, निळ्या खुर्चीत, पायावर पाय घट्ट. समोर पाण्याचा कूलर, त्याचा नळ टपकतोय. दहा मिनिटं. वीस. त्यांनी मनात पितळी मापांची यादी म्हटली, लिटरपासून खाली. तिसाव्या मिनिटाला आतून हाक आली, "ताई! ए ताई! हिकडं ये गं!" आणि सिस्टरनं दार उघडून विचारलं, "कुसाबाईंच्या बहीण कोण?"

रोहिणीबाई उठल्या. उठल्या मात्र, आणि सगळं गेलं. थोडं नाही, सगळं. साडी, खुर्ची, फरशी. अकरा माणसांसमोर. अडीच वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी भिशी सोडली, नाटक सोडलं, बोलणं सोडलं, ती होऊन गेली. बाहेर जायचा दरवाजा डावीकडे होता. आत पुन्हा हाक आली. रोहिणीबाईंनी हातातल्या पिशवीला ओल लागलेली नाही एवढं बघितलं, आणि ओल्या साडीनं आत गेल्या.

कुसाबाई खुर्चीवजा टेबलावर, डोळे गच्च मिटून. "हात दे." रोहिणीबाईंनी दिला. बोटं मोडतील एवढ्या जोरात त्यांनी तो धरला. मग एक डोळा उघडला, साडीकडे गेला.

"सांडलं?"

"हो."

"समदं?"

"समदं," रोहिणीबाई म्हणाल्या.

कुसाबाईंचं पोट आधी हललं. मग खांदे. मग दोघीही अशा हसायला लागल्या की तंत्रज्ञ पोरगी ओरडली, "आजी, हसू नका, आलेख हलतोय!" त्यानं तर अजूनच. स्क्रीनवर रेघ उंच उडाली, कुसाबाई "अगं आई गं, गेलं माझंबी!" म्हणाल्या, आणि ती पोरगी टाळी वाजवून म्हणाली, "हां, हेच हवं होतं! आजी, निदान झालं!"

रोहिणीबाईंची तपासणी अर्थातच झाली नाही. मोजायला काही उरलंच नव्हतं. सिस्टरनं पुढच्या मंगळवारची तारीख दिली. कुसाबाईंनी पिशवीतून जास्तीचं लुगडं काढलं, स्वच्छतागृहात उभं राहून त्यांना नेसवलं, निऱ्या स्वतः खोचल्या. फाटकाशी पोराचा टेम्पो येऊन थांबला होता.

"पुढल्या मंगळवारी येते मी. नवाच्या यस्टीनं."

"अहो, तुमची झाली की तपासणी. आता सायखेड्याहून कशाला?"

"कशाला म्हंजे? आत तुला हात कोन दील?"

 रोहिणीबाईंनी नुसती मान हलवली. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. कुसाबाई टेम्पोत चढल्या, टेम्पो हलला, तेवढ्यात खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "आन पाणी मी आल्यावर पी गं! आधीच पिऊन येकली बसू नको!"